सगळ्यांचा नंबर पहिला

आमच्या घरात कधीच न चुकणारी माणसं दोन. एक अप्पा, म्हणजे माझे वडील, आणि दुसरी मी. चुका करायचं खातं धाकट्या बहिणीकडे होतं, पण तिला एकटीला ते झेपेना. तेव्हा तिने लग्न केलं आणि त्या कामाला पूर्ण वेळचा माणूस घरात आणला. हा माणूस म्हणजे पाचशे. हॉस्पिटलात त्याला सगळे याच नावाने ओळखतात आणि आता घरीही तेच रूढ झालं आहे. धाकटी तेवढी 'अहो' म्हणते.

अप्पा वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानोदुकानी जाऊन तराजू तपासायचे. काटा खरा असला तर शिक्का, खोटा असला तर खटला. निवृत्त झाल्यावर तराजू संपले, पण तपासायची सवय काही जाईना, म्हणून त्यांनी माणसं तपासायला घेतली. शेजारी, भाजीवाला, दातांचा डॉक्टर, टीव्हीवर बातम्या सांगणारी बाई, सगळे त्यांच्या पारड्यात बसून उतरले आणि सगळे थोडे थोडे कमी भरले. जावई तर इतका कमी भरला की अप्पांनी त्याच्याशी बोलणंच सोडून दिलं. भांडण वगैरे काही नाही. भांडायला माणूस आपल्या तोडीचा लागतो.

अप्पा त्याच्याशी आमच्यामार्फत बोलायचे. तो समोरच्या खुर्चीवर जेवत असायचा आणि अप्पा धाकटीला म्हणायचे, "त्यांना सांग, आतल्या खोलीतला पंखा चालू राहिलाय." तो उठायचा, पंखा बंद करून यायचा आणि धाकटीला म्हणायचा, "अप्पांना सांग, केला." आमचं जेवणाचं टेबल इतकं लहान की भाजीचं भांडं मध्ये ठेवलं तर पाण्याचा तांब्या खाली ठेवावा लागतो. तेवढ्या टेबलावर हे टपालखातं बिनबोभाट चालत होतं. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, कारण अप्पांची बाजू नेहमीच बरोबर असते आणि बहुतेक वेळा ती माझीही बाजू असते.

त्यात तो घरजावई. त्यांच्या भाड्याच्या खोलीची इमारत पाडायला काढली, तेव्हा दोघं चार दिवसांसाठी आमच्याकडे आली. त्या जागी आता नवी इमारत उभी राहून तिलाही गळती लागली आहे. आयत्या बिळावर नागोबा ही म्हण अप्पा त्याच्यासमोर कधी वापरत नसत. ते ती स्वयंपाकघरात, दार उघडं ठेवून वापरत.

हा गृहस्थ शिकलेला किती, तर जेमतेम. संगणकाचं वेड मात्र लहानपणापासून. आधी छापखान्यात मजकूर जुळवायला होता, मग एका फोटो स्टुडिओत, मग बिलं करायच्या यंत्रांच्या दुरुस्तीवर. ती तिसरी नोकरी कशी गेली ते सांगण्यासारखं आहे. एका मोठ्या दुकानातलं यंत्र दुरुस्त करताना त्याला दिसलं की ते प्रत्येक बिल गुपचूप वरच्या आकड्याला नेतं. त्याने कोणाला न विचारता तेही सुधारलं. यंत्र खरं बोलायला लागलं आणि दुकानदाराने फोन करून याला घरी बसवायला लावलं. अप्पा त्यावर म्हणाले, "त्यांना सांग, दुसऱ्याच्या काट्याला हात लावायचा अधिकार फक्त निरीक्षकाला असतो." तो बिचारा मान खाली घालून जेवला.

त्याची आणखी एक गंमत म्हणजे तो संगणकाला 'अहोजाहो' करतो. "अहो, उठा ना." "आता काय झालं तुम्हाला?" "बरं, राहू द्या, दमला असाल." धाकटी म्हणते, "माझ्याशी सुद्धा इतकं गोड बोलले नाहीत कधी." संगणकाने त्या बदल्यात त्याचं काय भलं केलं म्हणाल, तर काही नाही. तरी याची भक्ती कायम.

शेवटी मीच शब्द टाकून त्याला आमच्या हॉस्पिटलात चिकटवला. आमचं डोळ्यांचं हॉस्पिटल. मी तिथे नोंदणीच्या खिडकीवर बसते. खिडकीच्या खणात पितळी बिल्ले असतात, त्यांच्यावर आकडे कोरलेले. येईल त्याला पुढचा बिल्ला द्यायचा, आत जाताना तो परत घ्यायचा. ही पद्धत मी यायच्या आधीपासून चालू आहे आणि या पद्धतीत आजवर एकही बिल्ला बिघडलेला नाही. पण आमच्या व्यवस्थापक साहेबांना कुठल्याशा परिषदेत कळलं की जग पुढे गेलं आहे. ते परत आले ते हाच शब्द घेऊन: घरबसल्या नंबर. ऑपरेशनच्या दिवसाचा नंबर लोकांनी फोनवरून घ्यायचा, खिडकीवर गर्दी नाही, बिल्ले नाहीत. मला म्हणाले, "तुमचंही काम हलकं होईल." कोणी असं म्हणालं की मी आधी खुर्ची घट्ट धरते.

हे काम पाचशेकडे आलं. त्याला जिन्याखालची खोली मिळाली, जिथे चाक मोडलेल्या चाकाच्या खुर्च्या ठेवतात. दारावर पाटी लागली, 'संगणक विभाग'. विभागात तो एकटा, आणि पायाशी खुर्च्या.

हॉस्पिटलची वेबसाइट कुठल्याशा भाड्याच्या सर्व्हरवर होती. सर्व्हर म्हणजे दिवसरात्र चालू राहणारा संगणक, आणि हा तर इतका म्हातारा की चालू आहे हीच त्याची कर्तबगारी. त्याच्या मालकाने फोनवर साफ सांगितलं, "तुमचा प्रोग्राम सतत चालू ठेवायला माझ्याकडे जागा नाही. सीजीआयने चालवायचा असेल तर चालवा."

सीजीआय म्हणजे काय हे मी विचारलं नव्हतं. तरी मला सांगण्यात आलं, तेही जेवताना. सर्व्हरवर त्यासाठी एक ठरावीक फोल्डर असतं. आपला प्रोग्राम त्यात नेऊन ठेवायचा. तिथे तो नुसता पडून असतो. कोणी वेबसाइटवर बटण दाबलं की सर्व्हर त्याला उठवतो, आलेल्या माणसाचं नाव त्याच्या हातात देतो, प्रोग्राम उत्तर लिहून देतो आणि संपतो. पुढचा माणूस आला की पुन्हा उठवायचं, पुन्हा पहिल्यापासून.

"म्हणजे आपल्या शिपायासारखं," मी म्हटलं. "बेल वाजली की उठायचं."

"अगदी तसंच, ताई," तो खूश झाला. "फक्त शिपाई काम झाल्यावर मरत नाही. हा दर वेळी मरतो आणि दर वेळी नवा जन्मतो."

"त्यांना सांग," अप्पा धाकटीला म्हणाले, "जेवताना मरणाच्या गोष्टी नकोत."

त्याने भात कालवायला घेतला. आपण आत्ता काय बोललो त्याचा त्याने स्वतः जरी तिथे क्षणभर विचार केला असता, तरी पुढचं सगळं टळलं असतं. पण वाढायला कोणी उठलं आणि विषय बदलला.

प्रोग्राम त्याने घरच्या संगणकावर लिहिला. घरी तो उत्तम चालायचा. घरी सगळेच चालतात. सर्व्हरवर नेऊन ठेवला आणि बटण दाबलं तर पांढऱ्या पानावर एवढंच उमटलं: '५००. अंतर्गत बिघाड.' काय बिघडलं, कुठे बिघडलं, कोणामुळे, काही नाही. इतकं मोघम उत्तर मी फक्त कचेऱ्यांमध्ये ऐकलं आहे. व्यवस्थापक रोज सकाळी येऊन विचारायचे, "आज काय?" हा म्हणायचा, "पाचशे." दुसऱ्या दिवशी, "आज?" "पाचशेच." अशा रीतीने बारसं झालं. घुगऱ्या तेवढ्या वाटायच्या राहिल्या.

पहिला बिघाड सापडला तो असा की फाईल नुसती नेऊन ठेवून भागत नाही, तिला चालायची परवानगी द्यावी लागते. "राहायची परवानगी लागत नाही का?" असं अप्पांनी विचारायला सांगितलं. परवानगी दिली. पुन्हा पाचशे. मग कळलं की प्रोग्रामच्या पहिल्याच ओळीत, तो ज्या भाषेत लिहिलाय ती भाषा या संगणकावर कुठे राहते त्याचा पत्ता द्यायचा असतो, आणि या शहाण्याने पत्ता आमच्या घरच्या संगणकाचा ठेवला होता. सर्व्हर बिचारा भलत्याच गल्लीत शोधत बसला. तेही सुधारलं. तरी पाचशे. आता तर शिपायाने सुद्धा त्याला चहा देताना कप लांब ठेवायला सुरुवात केली.

याच सुमारास अप्पांच्या डोळ्यांचं निघालं. खरं तर ते केव्हाच निघालं होतं, पण अप्पा ते परत आत ढकलत होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. चहा ओतायला गेले की निम्मा बशीत आणि निम्मा टेबलावर. म्हणायचे, "कप सरकला." दाराच्या चौकटीला खांदा लागला की म्हणायचे, "सुताराने दार अरुंद केलंय." मी त्यांना ओढून आमच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी उजवा डोळा बघितला आणि सरळच सांगितलं, "हा फार पिकलाय. आणखी लांबवलात तर काढणं माझ्या हातात राहणार नाही. मग हा डोळा गेला असं धरा."

अप्पा घाबरतात. हे मी लिहिते आहे, त्यांनी कधी कबूल केलेलं नाही. आमची आई एका साध्या ऑपरेशनला म्हणून दुसऱ्या एका मोठ्या हॉस्पिटलात गेली होती, आणि जाताना कुकर लावायला सांगून गेली होती. ती परत आली नाही. तेव्हापासून अप्पा हॉस्पिटलच्या फाटकाशी आले की घड्याळ बघतात आणि त्यांना काहीतरी काम आठवतं. मला हे कळतं आणि त्यांची दयाही येते. पण दया आली म्हणून डोळा वाचत नाही.

त्या संध्याकाळी धाकटी रडकुंडीला येऊन म्हणाली, "अप्पा, तारीख घ्या ना." अप्पा शांतपणे पाणी प्यायले आणि म्हणाले, "घेतो की. त्यांना सांग, तुमचं ते घरबसल्या नंबरचं यंत्र चालू झालं आणि मला त्यावर नंबर मिळाला, की त्या दिवशी मी डोळा करून घेतो. माझा शब्द."

यासारखा पक्का नकार मी आयुष्यात ऐकला नव्हता. अप्पांनी आपला डोळा अशा ठिकाणी लपवून ठेवला होता जिथे तो कोणालाच सापडणार नव्हता, म्हणजे जावयाच्या कर्तबगारीत. अप्पा समाधानाने झोपायला गेले. पाचशे मात्र ताटावर तसाच बसून राहिला. त्याचा हात वाळून गेला तरी त्याला उठायचं भान नव्हतं.

त्यानंतर हा माणूस हट्टाला पेटला. एरवी पालीला सुद्धा वाट करून देणारा हा, पण आता व्यवस्थापकांना म्हणाला, "मला कोणी हाका मारू नका." शेवटी त्याला तिसरा बिघाड सापडला. प्रोग्रामने उत्तर देताना आधी एका ओळीत सांगायचं असतं की मी काय पाठवतोय, मग एक ओळ कोरी सोडायची आणि मग मजकूर. हा कोरी ओळ सोडायला विसरला होता. जिच्यात काही लिहायचंच नाही अशी ओळ लिहायची राहिली म्हणून एक आख्खं हॉस्पिटल अडलं होतं. मी अप्पांना हे सांगितलं तेव्हा ते कितीतरी दिवसांनी मनापासून हसले.

दुसऱ्या दिवशी ते हसायचे थांबले, कारण पान उघडलं. 'आपला नंबर: १.' पाचशेने आपल्याच नावाने नंबर लावून बघितला होता. मग त्याने फाईल पुन्हा चढवून मोजणी शून्यावर आणली. मी म्हटलं, "मीही एकदा लावून बघू का?" तर म्हणे, "नको ताई. पहिला मान अप्पांचा." घरी आल्यावर धाकटीनेही फोन पुढे केला, तिलाही तेच उत्तर. आमच्या घरात वडीलधाऱ्यांच्या आधी कोणी ताटाला हात लावत नाही, आणि हा आमच्यापेक्षाही आमच्या वळणात जास्त मुरलेला. त्यामुळे अख्ख्या जगात त्या यंत्राची परीक्षा एका माणसाने एकदाच घेतली होती.

जेवणाच्या टेबलावरच अप्पांचं नाव भरलं. पाचशेने बटण दाबलं आणि फोन धाकटीकडे दिला. ती वाचून दाखवायला लागली, "आपला नंबर, एक."

"पुन्हा वाच," अप्पा म्हणाले.

"एक, अप्पा. पहिला नंबर."

 अप्पांनी टेबलावर हात फिरवून आपला चष्मा शोधला, जो आता कशाच्याच उपयोगाचा नव्हता, आणि तो घातला. मग मला म्हणाले, "त्या बाईंना विचार, डोळ्यात थेंब कधीपासून घालायचे." त्यांचा आवाज बारीक झाला होता. अप्पांनी एकदा दिलेला शब्द आयुष्यात कधी परत घेतला नाही, आणि या वेळी तो घेता आला असता तर त्यांना फार बरं वाटलं असतं.

त्याच संध्याकाळी व्यवस्थापकांनी ते पान सगळ्यांसाठी खुलं केलं. धाकटी म्हणाली, "आता तरी मी एकदा दाबते." पाचशे म्हणाला, "उगाच कोणा गरजूचा नंबर वाया जाईल." किती हा परोपकार. आलेल्या लोकांची यादी छापायचं पान तेवढं करायचं राहिलं होतं, ते तो सकाळी करणार होता.

ऑपरेशनच्या दिवशी डॉक्टरीणबाई ठरावीकच डोळे करतात. बाकीच्यांना पुढचा आठवडा. त्यामुळे नंबराला महत्त्व. मी सकाळी खिडकी उघडली तेव्हा हॉल निम्मा भरला होता. अप्पा धाकटीबरोबर आधीच येऊन माझ्या खिडकीजवळच्या बाकावर बसले होते, स्वच्छ सदरा, हात मांडीवर. पाचशे जिन्याखालून कोरा कागद घेऊन आला.

"ताई, यादी कोरीच येतेय. बहुतेक छापायच्या पानात काहीतरी..."

तेवढ्यात एक आजीबाई सुनेला घेऊन खिडकीशी आल्या. सुनेने फोन दाखवला. 'आपला नंबर: १.' मी म्हटलं, "हा कसा असेल? पहिला नंबर दिलेला आहे." मागून एक निवृत्त बसचालक पुढे सरसावले, "त्यांचा कसा? पहिला माझा आहे. हे बघा." त्यांच्या मागे एक शिंपीणबाई होत्या, एका डोळ्यावर हात धरून. त्यांचाही पहिला. मग सगळा हॉलच उठला. प्रत्येकाच्या हातात फोन, प्रत्येक फोनवर एक. असा हॉल मी कधी बघितला नाही, ज्यात सगळेच पहिले आले होते आणि सगळेच चिडले होते.

मी पाचशेकडे बघितलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण त्याला कळलं होतं. पुटपुटल्यासारखं म्हणाला, "घरी तो दिवसभर चालू असायचा, ताई. म्हणून आठवायचं त्याला. एक, दोन, तीन, चढत जायचे नंबर. इथे तो दर वेळी नवा जन्मतोय. आधी कोण आलं होतं ते त्याला ठाऊकच नाही. यादी त्याच्या डोक्यात होती, आणि डोकं दर वेळी नवं." म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. गावभरच्या लोकांनी आपली नावं त्या घड्यावर ओतली होती आणि घडा कोरडा ठणठणीत होता.

व्यवस्थापक धावत आले. हॉल बघितला, फोन बघितले आणि ताबडतोब पाचशेच्या कानाशी लागले. पण घाबरलेल्या माणसाची कुजबुज कधी हळू नसते. "सांग, सर्व्हरच्या कंपनीची अडचण आहे म्हणून. आपला काही संबंध नाही म्हण. नाहीतर मला हे काम बाहेर द्यावं लागेल, आणि मग तुझं इथे काही काम राहत नाही. कळतंय ना?"

खिडकी आणि अप्पांचा बाक यांच्यात एका हाताचं अंतर. पाचशे तिथून निघाला तो हॉलच्या मध्यावर जाऊन उभा राहिला. मला वाटलं, आता हा रडणार. तो एवढंच म्हणाला, "ऐका जरा. तुम्हा सगळ्यांना पहिला नंबर आलाय, कारण प्रोग्राम चुकला. तो मी लिहिलाय. सर्व्हरची चूक नाही, हॉस्पिटलची नाही, खिडकीवरच्या ताईंची तर नाहीच. चूक माझी आहे. मी एकदाच तपासला, दोनदा तपासायला हवा होता."

बसचालक म्हणाले, "अरे मग आता आम्ही काय करायचं?" कोणीतरी त्याला गाढव म्हणालं. तो म्हणाला, "हो." गाढव म्हटल्यावर 'हो' म्हणणाऱ्या माणसाशी पुढे काय भांडायचं ते कोणाला सुचेना.

मी खण उघडला आणि पितळी बिल्ले काढले. आधी कोण आलं, मग कोण, हे विचारावं सुद्धा लागलं नाही. माणूस औषधाची वेळ विसरेल, पण आपल्या पुढे कोण उभं होतं ते विसरणार नाही. बिल्ले वाटता वाटता मला एकाच गोष्टीची धास्ती होती. अप्पा. त्यांची अट होती ती यंत्र चालू झालं तर, आणि यंत्र चालू झालं नव्हतं हे आता हॉलच्या छताला सुद्धा कळलं होतं. त्यांना हे उमगलं की ते घड्याळ काढणार, काम आठवणार आणि डोळा गेला.

म्हणून मी खोटं बोलले. अप्पांच्या हातात त्यांचा बिल्ला ठेवला, तो अकरावा होता, आणि म्हटलं, "अप्पा, तुमचा पहिलाच आहे बरं का. फक्त काही लोकांना लांब जायचंय, म्हणून बाई त्यांना आधी घेतायत."

अप्पांनी बिल्ल्यावरून अंगठा फिरवला. "बरं," म्हणाले.

वाद न घालता अप्पांनी 'बरं' म्हटल्याचं मला तरी आठवत नाही. मला वाटलं, भीतीने बोलणं सुचत नसेल. एकेक माणूस आत जात होता. पाचशे हॉलभर फिरून ज्यांचा नंबर आज लागणार नव्हता त्यांची हात जोडून माफी मागत होता, आणि लोक त्याला मनसोक्त ऐकवत होते. अप्पा बाकावर मान किंचित वाकडी करून बसले होते, जुन्या काळी तराजूपुढे उभे राहायचे तसे. त्यांचा पुकारा झाला तेव्हा ते उठले आणि धाकटीला म्हणाले, "त्यांना सांग, हात धरायला या."

धाकटी माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "माझ्याकडे काय बघतेस, सांग त्यांना." पाचशे आला, अप्पांचा हात धरला आणि त्यांना ऑपरेशनच्या दारापर्यंत घेऊन गेला. दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. दार बंद झाल्यावर तो तिथेच भिंतीला टेकून उभा राहिला, आणि अप्पा बाहेर येईपर्यंत जिन्याखाली गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाईंनी उजव्या डोळ्यावरची पट्टी काढली. अप्पा थोडा वेळ डोळा मिचकावत राहिले. मग भिंतीवरच्या तक्त्यावरची अक्षरं न विचारताच वाचायला लागले, वरपासून. एक ओळ, दुसरी, तिसरी. धाकटी रडायला लागली. मी रडत नाही, पण त्या दिवशी मला खिडकीबाहेर बघावं लागलं. पाचशे दाराशी उभा होता. त्याच्या नोकरीचा निकाल अजून लागायचा होता. व्यवस्थापकांचं मत त्याला काढावं असं होतं आणि बाईंचं म्हणणं असं की ज्याने चूक केली त्यालाच ती नेमकी कुठे आहे ते ठाऊक आहे. बाहेरच्याला आणून आधी ती शोधायला लावायची कशाला? त्याने तर तोवर दुरुस्तीही करून ठेवली होती. आता प्रोग्राम उठल्या उठल्या आधी सर्व्हरवर जपून ठेवलेली फाईल वाचतो, तिच्यात नवं नाव घालतो आणि मगच मरतो.

अप्पांनी खिशातून पितळी बिल्ला काढला. तो त्यांनी आत जाताना परत दिलाच नव्हता, आणि मी त्या गडबडीत मोजले नव्हते. बिल्ला डोळ्यासमोर धरून त्यांनी आकडा वाचला. "अकरा," ते मला म्हणाले. "पहिला म्हणालीस ना?"

"अप्पा, ते काय झालं..."

"मला माहीत आहे काय झालं. डोळे गेले होते, कान नव्हे. सगळा हॉल तर 'माझा पहिला, माझा पहिला' करत होता."

धाकटी म्हणाली, "मग तुम्ही उठून गेला का नाहीत? तुमची अट तर..."

 अप्पांनी बिल्ला माझ्या हातात ठेवला. "सगळी नोकरी काटे तपासण्यात गेली," ते म्हणाले. "काटा खोटा निघाला की दुकानदार काय म्हणायचा? नोकराने केलं. उंदराने दोरी कुरतडली. हवेने पारडं हललं. माझं चुकलं असं म्हणणारा एकही भेटला नाही. एकही नाही. आणि परवापर्यंत मी घरात काय म्हणत होतो? कप सरकला."

 बाई उगाचच हातातली बॅटरी चालू-बंद करत राहिल्या.

मग अप्पांनी मान वळवली. मला वाटलं, आता माझ्याकडे बघून म्हणतील, त्यांना सांग. ते माझ्याकडे बघत नव्हते, धाकटीकडेही नाही. नव्या डोळ्याने ते सरळ दाराकडे बघत होते, आणि इतकी वर्षं घरात असलेल्या त्या माणसाचा चेहरा पहिल्यांदाच दिसल्यासारखे बघत होते.

"अहो," अप्पा त्याला म्हणाले, "डावा डोळा राहिलाय. त्याचा नंबर लावून टाका. कितवाही चालेल."